नवेपणाचा वास

"नवं आहे ना ताई, वास येणारच," शोरूमवाला फोनवर म्हणाला. "नवी गाडी घेतली की लोक मुद्दाम काचा लावून बसतात."

"माझे वडील राहतात त्यात. दिवसभर डोळ्यांतून पाणी वाहतं त्यांच्या."

"खिडक्या उघड्या ठेवा. जाईल हळूहळू."

हे उत्तर तिला आता पाठ झालं होतं.

आईला फिरायची हौस, म्हणून बाबांनी निवृत्त झाल्यावर गाडीमागे जोडायचं ते फिरतं घर घेतलं. ते दारात येऊन उभं राहिलं आणि आठवड्यात आई गेली. बाबा राहत्या घरातून उठले आणि अंगणातल्या त्या डब्यात जाऊन राहिले. आत प्लायवूड, गोंद आणि कोऱ्या गाद्यांचा असा उग्र दर्प, की तिला दारातच खोकला यायचा.

"रडू दे गं त्याला," आत्या म्हणाली. "बायको गेलीय."

"आत्या, ते रडणं नाही. प्लायवूडच्या गोंदातून वायू सुटतो. फुप्फुसं जातात त्यानं."

"तुझं आपलं काहीतरीच! माणसाच्या दुःखाला प्लायवूड म्हणे."

सकाळी कामावर निघताना ती सगळ्या खिडक्या सताड उघडायची. संध्याकाळी येऊन बघावं तर बंद. बाबा म्हणायचे, "वारा लागतो." कधी म्हणायचे, "धूळ येते." एकदा म्हणाले, "मांजर शिरतं." तिनं जाळ्या बसवल्या. पंखा आणून लावला, तर त्याची पिन काढलेली.

"बाबा, मी काय भिंतीशी बोलते का?"

"भिंती नव्या आहेत. त्यांना सवय नाही अजून," असं म्हणून बाबा खोकत हसले.

शेवटी चार ठिकाणी भांडून तिनं हवा तपासणारा माणूस आणला. त्याच्या यंत्रावर लाल दिवा लागला. "इथे एक रात्रही कुणी झोपू नका," तो म्हणाला. ते ऐकल्यावर शोरूमवाला वठणीवर आला आणि घर परत न्यायला ट्रक पाठवतो म्हणाला. कित्येक दिवसांनी ती पोटभर जेवली.

ट्रक आला तेव्हा डब्याला आतून कडी होती.

"परत पाठव त्याला," बाबा आतूनच म्हणाले.

"लवकर ठरवा ताई," ड्रायव्हर कुरकुरला. "खेप फुकट जायची."

ती काचेला तोंड लावून ओरडली, "अहो बाबा, विष आहे ते! यंत्रानं दाखवलंय!"

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. बाहेर पडलो की डोळे कोरडे होतात."

"मग खिडक्या का लावून घेता?"

आतून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"तुझी आई गेली तेव्हा सगळे रडले. माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. घरात तिच्या खाटेवर बसून पाहिलं, तरी नाही. इथे येतं."