मधले आठ महिने

वर्क व्हिसाच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी प्रांजली फाइल घेऊन शेजारच्या अवधूतकडे आली. त्याचा व्हिसा गेल्याच महिन्यात झाला, असं एचएसआर वस्तीतली सगळी मराठी मंडळी धरून चालली होती.

अवधूतने तिचे कागद नीट लावून दिले. "विचारतील तेवढंच सांग. आणि मधले आठ महिने तुला नोकरी नव्हती, ते लपवू नकोस. जुनी कंपनी सोडल्याची तारीख पुढे ओढून तर मुळीच लिहू नकोस."

"लाज वाटते रे दादा."

"वाटू दे. पण कॉन्सुलेटमध्ये खरं तेच सांग."

तीन आठवड्यांनी ती म्हैसूरपाक घेऊन धावतच आली. "दादा, मिळाला! त्यांनी नेमकं त्या आठ महिन्यांचंच विचारलं. तुला कसं रे इतकं माहीत? आणि तू कधी निघतोयस?"

अवधूतला तिच्याकडे बघवेना.

"माझा नाकारला, प्रांजली. मी तारीख पुढे ओढून लिहिली होती."

तिने म्हैसूरपाकचा डबा हळूच खाली ठेवला.

"अजून कुणालाच सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "आणि रविवारी आई-बाबा नागपूरहून येताहेत, मला निरोप द्यायला."