दाराच्या आतला पुठ्ठा

टण् करून पहिला स्क्रू मी दिलेल्या ताटलीत पडला आणि अंगणातली शांतता मोडली. कळंबच्या फेरीवर छातीत कळ येऊन हे गेले, एक शब्द न बोलता. तेव्हापासून वर्षभर उभ्या मोटारीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. नव्या घालायला बब्रुवान मिस्त्रींनी दाराचा आतला पुठ्ठा काढला. पाठीमागं पेन्सिलीनं ह्यांचं अक्षर होतं: ‘तांबडी दिव्याची, पिवळी भोंग्याची. काळीला हात लावण्याआधी बॅटरी सोडावी.’ “पुढच्या मिस्त्रीसाठी लिहून ठेवलंय, वैनी. लई नेटका माणूस. पण नव्या वायरींचे रंग येगळे. पुठ्ठा टाकून देऊ का?” “राहू द्या, भाऊजी.” मी पदरानं धूळ पुसली, चारी कोपरे पाहिले, आणखी एक ओळही नव्हती. पहिलीतली माझी नीला शेजारी येऊन अक्षरं लावत वाचू लागली. “आई, अण्णांनी मिस्त्रीकाकांसाठी एवढं लिहिलं. मग आपल्यासाठी कुठल्या दारात लिहिलंय?”