बंद कुठून करायचं?

थोरल्याला हल्ली आईच्या खुर्चीमागे उभं राहायलाही फुरसत नाही. पूर्वी नवं लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, तयार झालं की हाच श्वास रोखून मागे उभा असायचा. आज समोरच्या खोलीत बँकेच्या लोकांबरोबर बसलाय, आणि आईला निरोप काय, तर "तू सुरू कर, मी आहेच." आहे म्हणे! भिंतीपलीकडे.

नियम त्यानेच केलेला. कंपनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मावत होती तेव्हाचा. आईला जमलं तरच माल बाहेर जाणार. जेमतेम लिहितावाचता येणाऱ्या त्या बाईने मशीन सुरू करायचं, बहिणीला पत्र लिहायचं, नातवाचा फोटो उघडायचा, आणि बंद करून उठायचं. कोणी एक शब्द सांगायचा नाही.

आता कंपनीने अख्खा मजला व्यापला होता. बँकांची, इस्पितळांची मोठी मशीनं तिच्याच लिनक्सवर चालत, आणि पैसा तिकडूनच येई. घरोघरी वापरायचं लिनक्स मागच्या खोलीत धाकटी लेक आणि तिची माणसं करत. ते लोकांना फुकट. थोरल्याने सकाळीच सांगून टाकलं होतं, घरचं नवं लिनक्स आज बाहेर पडलं नाही तर मागची खोली गुंडाळायची आणि सगळ्यांनी बँकांच्या कामाला लागायचं.

पत्र लिहून झालं. फोटो उघडला. नातवाचे कान थोरल्यावर गेलेत, हेही बोलून झालं. मग आईचा हात थबकला. पडद्यावर डावीकडे खाली, जिथे लाल बटण असायचं, तिथे काहीच नव्हतं. तिने वर पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"बंद कुठून करायचं गं?"

धाकटी नियमाप्रमाणे गप्प. चेहरा मात्र उतरला. तिच्या माणसांतल्या एकाने खोकल्याचं निमित्त करून वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"खोकला असेल तर बाहेर जाऊन खोक," आई म्हणाली. चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला, पुन्हा शोधलं, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. "नापास."

"आई, आजचा दिवस तरी..." धाकटी खुर्चीजवळ आली. "काय होणार आहे, माहितेय ना तुला?"

"माहितेय. म्हणून काय खोटं बोलू? बोलाव त्याला."

थोरला आला तो घड्याळ बघतच. काय झालं ते ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "अगं, ते बटण मीच काढायला लावलं. बँकेचं मशीन कधी बंद करायचंच नसतं. चुकून कोणाचं बोट पडलं तर लोकांचे व्यवहार अडकतात. आणि दोन्हीकडचं मूळ एकच, त्यामुळे इथूनही गेलं. आत आहे कुठेतरी. शोधलं की सापडतं."

"माझ्या घरात बँक आहे?"

"आई, बँका पोसतात आपल्याला. हे घरवाले फुकट नेतात, आणि वर तक्रारी करतात."

"करणारच. वापरतात ते बोलणारच. दिवा लावता येतो पण मालवता येत नाही असलं घर बांधलंस, तर राहणारा काय तुझ्या पाया पडेल?" ती खुर्चीवरून उठली. "बस. सापडतं ना? शोधून दाखव. आणि कोणी सांगायचं नाही हं!"

थोरला बसला. एक चौकट उघडली, मिटली. दुसरी उघडली. त्याचे कान लाल व्हायला लागले. खोकल्याचा माणूस छताकडे बघत राहिला.

समोरच्या खोलीतून हाक आली, "साहेब, सह्या राहिल्यात."

"थांबा म्हणावं," थोरला मान न वळवता म्हणाला. मग जरा वेळाने धाकटीला, "बँकेचं नि घरचं वेगळं ठेवायचं तर माणसं किती लागतील?"

"या खोलीत आहेत तेवढी सगळी, दादा."

"आणि खोली?"

"तीही."

थोरल्याने कोट काढून टाकला, बाह्या सारल्या, कळफलक पुढे ओढला. "लाल होतं ना ते? डावीकडे, खाली?"

"हो. आईसाठी तूच ठेवलं होतंस तिथे."

"माहितेय गं मला."

आईने पिशवी काखोटीला मारली. दारापाशी वळून पाहिलं. बँकेचे लोक ताटकळत होते, महागडा कोट जमिनीवर लोळत होता, आणि थोरला मान मशीनमध्ये खुपसून बसला होता, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा तस्सा.

"तू पास," ती म्हणाली. "मशीनचं उद्या येऊन बघते."