चेअरमनचे वडील

म्हसवडचा यासीन लोकांची भाषणं, मानपत्रं, श्रद्धांजल्या लिहून पोट भरायचा. लिहून लिहून शब्दांचा पार चोथा झाला होता. अशात पतसंस्थेच्या चेअरमननं वडिलांच्या पुण्यतिथीचं भाषण लिहायला सांगितलं. "आण्णांबद्दल कायबी लिव्हा, पर लोकं रडली पायजेत." तीन दिवस काही सुचेना, तेव्हा थकलेल्या यासीननं आपल्याच अब्बांची आठवण त्यात घालून दिली. अब्बा गाद्या शिवायचे. वाचायला येत नव्हतं, तरी शाळकरी यासीनच्या वहीवरून रोज बोट फिरवून म्हणायचे, "ओळ सरळ हाय. लिव्हत ऱ्हा." आज पुण्यतिथीला चेअरमननं तेच आण्णांचं म्हणून सांगितलं आणि मांडवातल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. यासीनशेजारी बसलेल्या अब्बांनीही डोळे पुसले. "चेअरमनचा बापबी माझ्यावानीच हुता रं." यासीननं मान खाली घातली. अब्बांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लोकांचं लय लिव्हतुस. माझ्यावरबी कवातरी लिव्ह की."