तिसरा आग्रह

“टेसा, आज जरा गारठाच आहे, नाही का?” आर्डिस कपाटावरच्या वाटोळ्या डबीकडे बघत म्हणाली.

डबीच्या कडेनं निळा उजेड फिरला. “बाहेर उणे अकरा आहे,” आतली बाई म्हणाली. “संध्याकाळी बर्फ पडेल.”

“बरं झालं सांगितलंस गं,” आर्डिस म्हणाली.

भिंतीवरचा घरातल्या उबेचा आकडा साठावरून हलला नाही. साठ फॅरनहाइट म्हणजे बसल्या जागी गुडघे धरतात. आर्डिसच्या अंगात तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, व्हर्ननचा, लोकरी सदरा होता, त्यावर तिचा स्वेटर, आणि तरीही नाकाचा शेंडा लाल झालेला.

टेबलाशी तिचा मुलगा ब्रेंट बसला होता. सकाळीच मिनियापोलिसहून गाडी हाकत आलेला, कोट अजून अंगातच. गेल्या पानगळीत त्यानंच ऊब कमी-जास्त करायची थर्मोस्टॅटची जुनी चकती भिंतीवरून काढली होती आणि ही बोलकी डबी आणून ठेवली होती. आर्डिसच्या बोटांना अंधारातही सापडायची ती चकती. आता उठायलाही नको आई, नुसतं बोलायचं, असं म्हणाला होता. तेव्हापासून आईचं घर किती ऊबदार आहे ते त्याला त्याच्या फोनवर दिसायचं. आणि हा आठवडाभर तिथे साठाचाच आकडा होता.

“अगं आई, तिला आडून बोललेलं कळत नाही,” तो म्हणाला. “नाव घ्यायचं, आकडा सांगायचा, संपलं. मी सांगितलं तर ती ऐकेलच. तू सांगून दाखव.”

आर्डिसनं उभ्या जन्मात कुणाला हुकूम सोडला नव्हता. तळ्याच्या या काठाला कुणीच सोडत नसे. खिडकी उघडी राहिलेली दिसतेय, असं कुणी म्हणालं की दुसरं कुणीतरी उठायचं. ‘हात गार पडले बाई,’ एवढं ती स्वतःशीच पुटपुटली, तरी व्हर्ननच्या हातातल्या वर्तमानपत्राची घडी व्हायची आणि तो चकतीकडे चालू लागायचा. कुणी खायला पुढे केलं, तर नको म्हणायचं दोनदा आणि हात पुढे करायचा तिसऱ्यांदा. पहिल्याला हो म्हणणारा हावरा, आणि पहिल्या नकारावर गप्प बसणारी यजमानीण, तिच्या घरी पुन्हा कोण जाणार?

तिनं घसा साफ केला. “टेसा, तुला सवड असेल तर... म्हणजे, घाई काहीच नाही...”

उजेड फिरला आणि विझला. “माफ करा, मला कळलं नाही.”

“असू दे, असू दे,” आर्डिसनंच तिची समजूत घातली.

ब्रेंटनं दोन्ही हातांनी चेहरा चोळला. मग तो आपल्या कपाकडे बघत बोलू लागला. शहरात एक जागा आहे म्हणे, उजेड छान येतो. तुझ्या वयाच्या बायका असतात, पत्ते खेळतात. ऊब आपली आपण राहते, कुणाला काही सांगावं लागत नाही. काहींना आवडतं तिथे. आणि हो, मंगळवारी एक गृहस्थ इकडे येणार आहेत, असेच, तळ्याकाठची घरं बघत. येऊन बघून गेले तर आपलं काय जातंय?

आर्डिसनं कॉफीची किटली खाली ठेवली. खिडकीबाहेर गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरायचं कुणाचं तरी खोपट उभं होतं, आणि त्याच्या धुराड्यातून धूर सरळ, न वळता, वर चालला होता.

“डबीशी सरळ बोलायचं,” ती म्हणाली, “आणि आईशी आडून?”

ब्रेंटचे कान तांबडे झाले.

“नाव घे आणि सांग. संपलं.”

त्यानं कप बाजूला सारला. “घर विकायला काढावं म्हणतोय, आई.”

वाक्य स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहिलं, दार उघडं टाकून आलेल्या माणसासारखं. आर्डिसनं ते पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग ती कपाटाकडे वळली.

“टेसा. अडुसष्ट कर.”

“अडुसष्ट करते.”

तळघरात भट्टीनं धप्‌ करून पेट घेतला. जमिनीवरच्या जाळीतून तापल्या धुळीचा वास वर आला. या वेळी आर्डिसनं तिचे आभार मानले नाहीत. आवाज खाली न आणता ती तशीच वळली.

“ब्रेंट. त्या गृहस्थांना फोन कर. घर विकायचं नाही म्हणून सांग.”

“आई, मी फक्त एवढंच म्हणत होतो की...”

“आत्ता.”

तो मागच्या पडवीत गेला. काचेआडून त्याचा आवाज येत राहिला: नाही, तसं नाही, तिची प्रकृती उत्तम आहे, हो, अगदी उत्तम. आत आला तेव्हा त्यानं कोट काढून खुर्चीला अडकवला. घर हळूहळू पायांकडून तापत होतं. आर्डिसनंही सदऱ्याची वरची गुंडी सोडली आणि लिंबाच्या वड्यांचं ताट त्याच्यासमोर आणलं. लहानपणी याच वड्यांसाठी तो शाळेतून पळत यायचा.

“घेतोस एक?”

“नको, पुरे,” ब्रेंट म्हणाला. म्हणायचं असतं तसंच म्हणाला, आणि हात मांडीवर ठेवून पुढच्या आग्रहाची वाट बघत बसला.

“बरं,” आर्डिस म्हणाली, आणि ताटावर झाकण ठेवलं.