उन्हाळ्याची घट

इंदूबाईच्या गोबर गॅसला मीटर लावून अनुदानाच्या तपासणीला आलेल्या कानडे साहेबांनी भर मे महिन्यात आकडा घेतला. दिवसाला दोन घनमीटर गॅस. अनुदानाला तेवढाच लागत होता.

"पण मावशी, उन्हानं गॅस फुगतो. आकड्यात तेवढी दुरुस्ती केली की खरा गॅस पावणेदोनच भरतो," म्हणत साहेबांनी दोनचा आकडा खोडला.

"हिवाळ्यात कापसाले ओल म्हून घट, उन्हाळ्यात गॅसले ऊन म्हून घट," असं पुटपुटत इंदूबाईनं त्याच गॅसवर साहेबांसाठी चहा ठेवला. चहा उकळून गंजाच्या काठापर्यंत आलेला साहेबांनी स्वतः पाहिला.

कप हातात आला, तो अर्धाच.

"उकळीनं फुगला होता ना जी, साहेब. दुरुस्ती केली म्या."