ऐनवेळचा विषय

नास्तिक मंडळाचा सभासद होऊन शिंप्याच्या पदरात पडण्यासारखं काहीच नव्हतं. सभेचा चहा तो आधीपासूनच पीत होता, कारण करतही तोच होता. मंडळाचे कापडी फलक तोच शिवायचा. मोर्च्यात ते वाऱ्याने फुगू नयेत म्हणून भोकं नेमकी कुठे पाडायची, हे त्याच्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. आणि मंडळाच्या अध्यक्षाबरोबर तर तो अर्धं आयुष्य एका घरात राहत आला होता. सभासदाला जास्तीचं मिळायचं ते एकच, सभेत बोलायचा हक्क. शिंप्याला तेवढाच हवा होता.

रीत अशी होती की नव्या सभासदाने सगळ्यांसमोर उभं राहून एक वाक्य म्हणायचं. शिंपी उभा राहिला, गळ्यातली टेप दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि एका दमात म्हणाला, "मी देव मानत नाही." टाळ्या पडल्या. खाली बसला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

टाळ्या दणदणीत होत्या, कारण सभागृह भरलेलं होतं. एके काळी हे मंडळ शिंप्याच्या कापड बेतायच्या टेबलाभोवती मावायचं. मग अध्यक्षाने लग्नाच्या समान हक्काची चळवळ अंगावर घेतली. पुरुषाला पुरुषाशी, बाईला बाईशी लग्न करता आलं पाहिजे, म्हणत तो ऊन-पाऊस न बघता कोर्टासमोर उभा राहिला. प्रार्थनास्थळांच्या दारातून परत पाठवलेली माणसं मंडळाकडे येऊ लागली. पुढे कायदाही झाला, आणि मंडळ स्वतःच लग्नं लावू लागलं. अध्यक्षाने इतकी लग्नं लावली, की त्याचा एकुलता एक कोट शिंप्याला उसवून सैल करावा लागला. लग्न म्हटलं की जेवण आलंच.

लोक विचारायचे, "अध्यक्ष, तुमचं कधी?"

"लग्न हा हक्क आहे, सक्ती नव्हे," तो म्हणायचा. लोकांना हे वाक्य फार आवडायचं. घरी आल्यावर शिंपी इस्त्री जरा जास्तच दाबून फिरवायचा. आपणच विषय काढावा, हे त्याला सुचत नव्हतं असं नाही. पण जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्याला कधीतरी वाटतंच, की एकदा आपलंही माप कुणी घ्यावं.

सभा संपत आली. अध्यक्षाने चष्म्यावरून पाहत विचारलं, "ऐनवेळचा काही विषय?" तो कधीच नसायचा. लोकांनी पिशव्या उचललेल्या होत्या.

"आहे," शिंपी उभा राहिला. "ठराव मांडतो. अध्यक्षांनी मला लग्नाची मागणी घालावी."

उचललेल्या पिशव्या परत खाली आल्या. मागून एक पोस्टमन ओरडला, "अनुमोदन!" एकच हशा उसळला. अध्यक्ष पांढराफटक पडला.

"अरे, हे घरी बोलायचं..."

"घरी तू अध्यक्ष असतोस का? घरी तू पेपरामागे असतोस."

तेवढ्यात चिटणीसबाई उठल्या. त्या निवृत्त वकील. नियमापुढे सख्ख्या भावालाही सोडायच्या नाहीत. "हरकत," त्या म्हणाल्या. "हे गृहस्थ रोज मशीन सुरू करायच्या आधी हात जोडून पुटपुटतात. मी समोरच राहते, खिडकीतून सगळं दिसतं. खरं की खोटं?"

खोटं बोलणं अवघड नव्हतं. आज एकदा बोलून झालंच होतं. पण पुन्हा जीभ रेटेना.

"खरं," शिंपी म्हणाला.

"मग मघाचं ते वाक्य?"

"ते माझं आणि देवाचं आपसातलं आहे, बाई. तुमच्या मते तर तो नाहीच. मग तक्रार कुणाची?"

सभागृह खदखदलं. चिटणीसबाईंनाही हसू आवरेना, पण बसता बसता त्या म्हणाल्याच, "निर्णय अध्यक्षांचा."

शिंप्याने ओळखलं, याला आयतीच पळवाट मिळाली. नियमावर बोट ठेवलं की सुटला. आणि हा माणूस नियम मोडायचा नाही, हे शिंप्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"सभासदत्व रद्द," अध्यक्ष हळूच म्हणाला. "सभासद नाही, म्हणून ठरावही रद्द."

पोस्टमन "अरेरे" म्हणाला. शिंपी टेप गुंडाळू लागला. देवाला नाकारून बसलो आणि माणूसही मिळाला नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

व्यासपीठावरची खुर्ची करकरली. अध्यक्ष पायऱ्या उतरून खाली आला तो थेट त्याच्यासमोर उभा राहिला.

"ठराव गेला, म्हणजे सक्ती गेली," तो म्हणाला. आवाज भाषणातला नव्हता, घरातला होता. "आता बोलतोय ते माझ्या मनाने. सगळ्या जगासाठी भांडलो रे, आणि तुलाच विचारायचं राहून गेलं. करशील माझ्याशी लग्न?"

चिटणीसबाईंनी रुमाल काढला.

शिंप्याचं उत्तर कधीपासून घडी घालून तयार होतं. पण इतकी वर्षं ताटकळत ठेवणाऱ्याला ते असं चटकन द्यायचं?

"थांब जरा," तो म्हणाला. "देवाला विचारून सांगतो."

त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि मुळीच घाई केली नाही. त्याला हवं ते मिळालं होतं, अध्यक्षाच्या मनावरचं ओझं एकदाचं उतरलं होतं. भुर्दंड पडला तो मंडळाला. खच्चून भरलेलं सभागृह, एकजात कट्टर नास्तिक, श्वास रोखून देवाच्या उत्तराची वाट पाहत बसलं होतं.